फ्रान्स क्लस्टरच्या मादामला

मादाम,

परवा तुझ्या शोकसभेत मी गोष्ट अर्ध्यावर सोडली. मी! दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ वासलेला असतानाही जिला गोष्ट पुरी करता येते, ती मी.

बर दुबईतला तोच हॉल गं, जिथे आपल्या मंडळाच्या एकांकिकेच्या तालमी होतात आणि पहिल्या रांगेत बसून तू माझे चुकलेले उच्चार एका चिठ्ठीवर लिहून काढायचीस. मराठीतले! तुझ्या फोटोला हार घातला होता. तीन जणांची भाषणं झाली, तिन्हीत तू 'मनमिळाऊ' होतीस. मग मागून कुणीतरी म्हणालं, "रोहिणी, सुलभाताईंना असलं रडकं आवडलं नसतं. ती क्यूबेकची गोष्ट सांग ना."

मी उठले. घसा खाकरला. बॉस्टनहून भाड्याची गाडी निघाली, सीमेवरचा तो लाल दाढीवाला अधिकारी आला, "...आणि मग आमच्या मादामनी पर्स उघडली," इथवर मी पोचले, आणि लोक आधीच हसायला लागले. पुढे काय येणार ते सगळ्यांना पाठ आहे. सहा वर्षं ऐकताहेत. मी तुझ्या फोटोकडे पाहिलं आणि मला पुढचं वाक्य म्हणता येईना. खाली बसले. हुंदका आला असं समजून कुणीतरी पाण्याची बाटली हातात दिली.

हुंदका नव्हता गं. लाज होती.

तर आता ही गोष्ट तुलाच सांगते. पहिल्यांदाच पूर्ण. मध्ये टोकायचं असेल तर टोक.

सुरुवात फ्रान्सपासून. आपल्या दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत इमारतींच्या प्रत्येक समूहाला, क्लस्टरला, एका देशाचं नाव, त्यात तुझं घर फ्रान्स क्लस्टरमध्ये आणि माझं रशियात. मध्ये पार्किंग, एक केरळी किराणा आणि कचऱ्याचे दोन डबे. पहिल्या भेटीत तू म्हणालीस, "मी फ्रेंच शिकवते." मी म्हणाले, "हो का, आणि मी रशियात राहते म्हणून बॅले करते." तू हसली नाहीस. मला वाटलं, बाई फार खडूस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बसस्टॉपवर घामाघूम उभी होतीस, हातात वह्यांचा गठ्ठा. तुझी शाळा माझ्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या ऑफिसच्या वाटेवर. मी गाडी थांबवली. "यल्ला, बसा मादाम." त्यानंतर चौदा वर्षं तू त्याच सीटवर बसलीस. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पाच वेळा नापास झालीस. सहाव्यांदा गेलीच नाहीस. म्हणालीस, "माझी ड्रायव्हर चांगली आहे, फक्त बोलते फार."

चौदा वर्षं सकाळची चाळीस मिनिटं. एवढा वेळ मी माझ्या नवऱ्याशी सलग बोललेले नाही. तू मांडीवर वह्या ठेवून हिरव्या पेनानं तपासायचीस, कारण लाल शाईनं मुलं घाबरतात. मी मुद्दाम काहीतरी फ्रेंचसारखं बरळायचे, नाकातून, एखाद्या जुन्या सिनेमातल्या खलनायिकेसारखं. तू वहीतून मान वर न करता म्हणायचीस, "परत म्हण." मी परत म्हणायचे. "परत म्हण." असं करत करत चौदा वर्षांत मला फक्त 'बोंजूर' आलं, तेही तुझ्या मते धारवाडी.

आणि या सगळ्यात एक गोष्ट होती जी मला फार गमतीची वाटायची आणि तुला अजिबात नाही. तोवर बावीस वर्षं तू फ्रेंच शिकवलं होतंस, पण फ्रेंच ही ज्यांची आईची भाषा आहे अशा माणसाशी तू एकदाही बोलली नव्हतीस. सांगलीत एका निवृत्त बाईंकडे शिकलीस, त्या कोणाकडे शिकल्या देव जाणे. पुढे कॅसेट, मग सीडी, मग मोबाइल. पॅरिस म्हटलं की तुझं ठरलेलं, "बघू, दिलीपला सुट्टी मिळाली की." दिलीप, तुझा नवरा, साइटवरचा माणूस. त्याला सुट्टी मिळाली की सांगलीचं घर दुरुस्त व्हायचं, सासूबाईंचा मोतीबिंदू निघायचा. पॅरिस पुढे सरकायचं.

म्हणून जेव्हा माझ्या लेकीचा, ईराचा, बॉस्टनला पदवीदान समारंभ ठरला आणि माझ्या नवऱ्याला ऐन वेळी जमेना, तेव्हा मी तुला म्हणाले, "तू चल. समारंभ झाला की गाडी काढू. सहा-सात तासांवर सीमेपलीकडे एक गाव आहे, तटबंदी असलेलं, चारशे वर्षांचं. तिथे कुत्रीसुद्धा फ्रेंचमध्ये भुंकतात."

"क्यूबेक," तू म्हणालीस. एवढंच. पण त्या दिवशी तू एकही वही तपासली नाहीस.

ईरा तुझीच विद्यार्थिनी. शाळेत तिला फ्रेंच तू शिकवलंस. तिनं तुला मिठी मारून म्हटलं, "मादाम, यू आर गोइंग टू लव्ह इट. बट देअर ॲक्सेंट इज डिफरन्ट, ओके?" तू म्हणालीस, "भाषा ती भाषा." मला आठवतंय, कारण तुला असं छाती काढून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मे महिना होता. दुबईत चाळीसच्या वर, आणि इथे आपण दोघींनी काचा चढवून हीटर लावलेला. लांबच्या डोंगरमाथ्यांवर अजून बर्फाचे मळके पट्टे होते. तू रात्रभर तयारी केली होतीस. ओठ हलत होते. मी विचारलं, "काय, मंत्र?" तू म्हणालीस, "गप्प बस, मी त्यांना सांगणार आहे की आम्ही पर्यटक आहोत, चार दिवस राहणार, आणि इथे येणं हे माझं फार जुनं स्वप्न होतं." मी म्हणाले, "मादाम, तो सीमेवरचा अधिकारी आहे, लग्नाचं स्थळ नव्हे."

आणि मग ती खिडकी आली.

"बोंजूर, हॅलो," तो म्हणाला. तरुण, लाल दाढी, गालावर थंडीनं फुटलेली कातडी. तू माझ्या अंगावरून वाकलीस, सीटबेल्ट ताणला गेला, आणि तू बोललीस. तिन्ही वाक्यं. न अडखळता. त्याचा चेहरा खुलला आणि त्यानं उत्तर दिलं, आणि मादाम, मला फ्रेंच येत नाही, पण ते उत्तर म्हणजे पोतं फाटून वाटाणे सांडावेत तसं होतं. तू म्हणालीस, "पार्दों?" त्यानं परत वाटाणे सांडले. तू परत, "पार्दों?" तिसऱ्यांदा त्यानं सावकाश, अगदी चांगुलपणानं इंग्रजीत विचारलं, "नो प्रॉब्लेम, मॅम. व्हेअर आर यू लेडीज हेडेड?"

"आय ॲम अ फ्रेंच टीचर," तू म्हणालीस.

"दॅट्स नाइस, मॅम."

"ट्वेंटी-टू इयर्स."

त्यानं मान डोलावली. पासपोर्ट परत करायला हात पुढे केला. आणि मग आमच्या मादामनी पर्स उघडली.

आपली गल्फमधली माणसं. घराबाहेर चार दिवस निघालो तरी एक निळी फाइल बरोबर. पासपोर्टच्या प्रती, विवाहाचा दाखला, नवऱ्याचं 'माझी हरकत नाही' असं पत्र, बँकेचे कागद. इथे कागदाशिवाय आपण कोणीच नाही, हे आपल्या हाडात गेलंय. त्या फाइलमधून तू तुझी पदवी काढलीस. फ्रेंच विषयातली. मूळ प्रत, मागे सात शिक्के मारलेली: मुंबईचा, दिल्लीचा, वकिलातीचा, इथल्या परराष्ट्र खात्याचा अरबीतला. ती तू त्या पोराच्या हातात दिलीस. पुरावा म्हणून. मागे गाड्यांची रांग.

त्यानं ती समोरून पाहिली. उलटी करून शिक्के पाहिले, एकेक. मग दोन्ही हातांनी परत दिली. "इट्स व्हेरी ब्यूटिफुल, मॅम."

आणि मी हसले. अशी हसले की माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं आणि हॉर्न वाजला. लांबलचक. सगळी सीमा आमच्याकडे बघायला लागली.

"आणि अशा रीतीने, वाजत गाजत, मादामनी कॅनडात प्रवेश केला!" इथे मी गोष्ट संपवते. दर वेळी. टाळ्या पडतात.

यापुढचं मी कधीच सांगितलं नाही. यापुढे तू ती पदवी परत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालत होतीस आणि ती आत जाईना. कोपरा दुमडला. तू तो नखानं सरळ करत बसलीस. करतच बसलीस. त्या पोराला वयाच्या पंचविशीत जे कळलं ते मला सेहेचाळीसाव्या वर्षी कळलं नाही. तो हसला नाही. मी हसले.

एक तास तू फाइल मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होतीस. मी विनोद केले, गाणं म्हटलं, गायींना हाका मारल्या. काही नाही. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर काहीतरी लिहिलेलं होतं, त्या प्रांतातल्या सगळ्याच गाड्यांवर असतं. मी विचारलं, "मादाम, काय गं लिहिलंय?"

तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "मला लक्षात आहे."

"काय लक्षात आहे?"

"ते लिहिलेलं नाही. एवढंच लिहिलंय."

मी माफी मागायला हवी होती. तिथेच, गाडी बाजूला घेऊन. पण तुला माहीत आहे मी कशी आहे. मला रडता येतं, पाया पडता येतं, रंगमंचावर तर मी तीन वेळा मरून दाखवलंय. 'चुकले' हा एक शब्द मला येत नाही. घशाशी आला की मी त्याचा विनोद करते. मी म्हणाले, "चल, कॉफी पिऊ."

आणि मग ते गाव. काय गाव होतं गं! कड्यावर किल्ल्यासारखं हॉटेल, खाली रुंद करडी नदी, उतरत्या छपरांची दगडी घरं, पायऱ्यांवर पायऱ्या. दुसरी कोणी असती तर नाचली असती. पण तुझं लक्ष फक्त माणसांच्या तोंडांकडे होतं. हॉटेलच्या काउंटरवर तू फ्रेंचमध्ये सुरुवात केलीस, मुलीनं अर्ध्या वाक्यात इंग्रजीत उत्तर दिलं. सूप देणाऱ्यानं तेच. तिकीटवाल्या बाईनं तेच. हसून, प्रेमानं, पटकन. त्यांच्या मते ते आपली सोय करत होते. दर वेळी तू थोडी लहान होत गेलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू वेटरला म्हणालीस, "टू टी, प्लीज." तो गेल्यावर मला म्हणालीस, "खलास."

रात्री जेवताना तू चमचा खाली ठेवलास. "रोहिणी, मी मुलांना बावीस वर्षं काय शिकवलं गं?"

मी काहीतरी बडबडले. त्यांचे उच्चारच विचित्र, ईरा म्हणालीच होती, मुंबईचा माणूस कोल्हापुरात गेला तर त्याचंही असंच होतं. तू ऐकून घेतलंस. "नाही," तू म्हणालीस. "हजारभर मुलं असतील. सगळ्यांना मी सांगितलं, असं बोला, लोकांना कळेल. मी स्वतः कधी बोलून पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या गावाचा पत्ता सांगत होते मी लोकांना."

आता मी जे सांगणार आहे ते तुला माहीत नाही, असं मला कालपर्यंत वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तू आंघोळीला गेलीस आणि मी खाली पळाले. हॉटेलच्या गल्लीत लोकरीच्या टोप्यांचं एक इवलंसं दुकान होतं, आदल्या दिवशी तू तिथे काचेला नाक लावून दिलीपसाठी एक टोपी बघत होतीस. दुबईत लोकरीची टोपी! दुकान उघडत होतं. म्हातारी बाई, चष्मा दोरीला बांधलेला, हातात विणकाम, चेहरा दगडी. मी शिरले आणि प्रयोग सुरू केला. हात जोडले. म्हणाले, माझी मैत्रीण येईल, निळ्या कोटातली, ती फ्रेंच बोलेल, तुम्ही तिच्याशी इंग्रजी बोलू नका. काही झालं तरी बोलू नका. आणि सावकाश बोला. ती शिक्षिका आहे. तिला वाटतंय तिचं आयुष्य फुकट गेलं.

म्हातारी विणत राहिली. मग जडशा इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, माझं दुकान आहे. थिएटर नाही."

"प्लीज."

"तिनं तुम्हाला पाठवलंय?"

"नाही."

"मग तुम्ही का आलात?"

आणि मादाम, तिथे माझा अभिनय संपला. मला सांगता येईना. मी हसले होते म्हणून, असं म्हणायला गेले आणि रडूच आलं, नाक गळणारं, कुरूप, जे मी कुठल्याही प्रेक्षकांसमोर कधी रडले नसते. म्हातारीनं एक कागदी रुमाल पुढे सरकवला आणि म्हणाली, "आम्ही दहा वाजता उघडतो." म्हणजे निघा.

ती करेल की नाही मला माहीत नव्हतं. अकराला मी तुला ओढत तिथे नेलं. तू दारात उभी राहून "हाउ मच फॉर दिस वन?" असं विचारलंस. तिनं चष्मा लावला, तुझ्याकडे पाहिलं आणि फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. सावकाश. एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा. तू एक पाऊल आत आलीस. मग तू काहीतरी विचारलंस. तिनं उत्तर दिलं. तू अजून काहीतरी. तिनं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

अर्धा तास! मी टोप्या घालून आरशात बघत होते आणि आरशात तुम्हा दोघींना. तू हात हलवत होतीस. तू, जी शाळेत हाताची घडी घालून शिकवतेस. एकदा तू काहीतरी बोललीस आणि ती दगडी बाई मान मागे टाकून हसली. तुझ्या विनोदाला! फ्रेंचमधल्या! शेवटी टोपी कागदात गुंडाळताना ती हळू आवाजात काहीतरी लांबलचक बोलली. तू लाल झालीस. डोळे भरले. मग माझ्याकडे पाहिलंस, असं पाहिलंस की मी पटकन दुसरी टोपी घातली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली गं शेवटी?"

"तुला काय करायचंय?" तू म्हणालीस आणि पायऱ्या उतरायला लागलीस. दोन दोन पायऱ्या. गुडघे दुखणारी बाई. टोपीची किंमत दिरममध्ये आणि मग रुपयांत करायची विसरली होतीस.

त्यानंतरचा दीड दिवस तू कोणाचं ऐकून घेतलं नाहीस. वेटर इंग्रजीत बोलला की तू फ्रेंचमध्येच उत्तर द्यायचीस आणि थांबायचीस, जशी तू वर्गात थांबतेस. शेवटी तो बिचारा फ्रेंचमध्ये यायचा. मी टेबलाखाली स्वतःशीच हात मिळवला. माझं नाटक यशस्वी झालं होतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रयोग, आणि प्रेक्षकांना कळलंसुद्धा नाही.

आणि इतकं करून मी दुबईत आल्यावर काय केलं? पहिल्याच शनिवारी मंडळाच्या जेवणात सीमेवरची गोष्ट सांगितली. हॉर्नसकट. लोक खुर्चीतून पडले. मग गणपतीत सांगितली. मग कोजागिरीला. मग कोणाच्या तरी मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर. तू तिथेच असायचीस, वाट्या भरत. टोपीवाल्या बाईचं मी सांगू शकत नव्हते, ते माझं गुपित होतं. म्हणून लोकांकडे गोष्टीचा फक्त पहिला अंक होता. त्यात तू फक्त पदवी दाखवणारी बाई होतीस.

एकदा, फक्त एकदा, गाडीत तू म्हणालीस, "ती गोष्ट आता पुरे गं."

"का? हिट आहे!"

तू वही उघडलीस. मी ट्रॅफिकबद्दल बोलायला लागले.

मग हा ऑगस्ट. हॉस्पिटलमधले तीन आठवडे. त्याबद्दल मी लिहिणार नाही, ते सगळं फाइलमध्ये आहे. फक्त शेवटच्या मंगळवारची दुपार. तुझा सलाइनचा हात मी धरला होता, आणि त्या फिलिपिनो नर्सला हसवायला, तुला हसवायला, मी काय केलं असेन? हो. सीमा, दाढी, पर्स, हॉर्न. नर्स खूप हसली. "मॅम, युअर फ्रेंड सो फनी!" तू डोळे मिटलेले ठेवूनच म्हणालीस, "नटवे."

"काय मादाम?"

"या गोष्टीचा शेवट तुला माहीतच नाही."

मला वाटलं, औषधाची गुंगी. मी तुझ्या कपाळावरचे केस मागे केले. "उद्या सांग," म्हणाले. "ऑफिसला पोचायचंय, इन्शाल्ला उद्या लवकर येते."

उद्या. किती सहज म्हणाले गं मी.

काल दिलीपकडे गेले होते. सगळे पाहुणे गेले होते. एसी जोरात चालू होता आणि तो सोफ्यावर लोकरीची टोपी घालून बसला होता. तीच टोपी. त्या टोपीवर मी केवढे विनोद केलेत, साइट ऑफिसात एसीखाली घालतो म्हणून. काल मला एकही सुचला नाही. त्यानं एक वही पुढे केली. शाळेची शंभर पानी, तपकिरी कव्हर, वर लेबल, तुझ्या अक्षरात 'क्यूबेक'. "सगळं फ्रेंच आहे वहिनी," तो म्हणाला. "मला काही कळत नाही. पण तुमचं नाव सारखं दिसतंय. ईराला विचारा."

मी गाडीतच ईराला व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. तू मुलांना सांगायचीस ना, रोज एक पान लिहा. तू स्वतः लिहिलं होतंस. चारही दिवस. ईरा वाचत वाचत त्या तिसऱ्या दिवसावर आली आणि थांबली. "मम्मा, आर यू शुअर यू वॉन्ट मी टू रीड धिस?"

"वाच."

तिनं इंग्रजीत सांगितलं. मी तुझ्या आवाजात लिहिते, मराठीत, तू बोलली असतीस तसं:

'दुकानातल्या बाईंनी निघताना सांगितलं, तुमची मैत्रीण सकाळी येऊन रडून गेली. मी हळू बोलावं असं तिचं म्हणणं होतं. पहिली पाच मिनिटं मी तिच्यासाठी हळू बोलले. मग तुम्ही तुमच्या सासूबद्दल सांगायला लागलात आणि मी विसरून गेले. नंतर मी तुमच्याशी माझ्या बहिणीशी बोलते तशी बोलले. तुम्हाला सगळं कळलं. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, नाहीतर तुम्हाला वाटलं असतं की तुमच्या मैत्रिणीनं तुम्हाला भीक मिळवून दिली.'

खाली तू लिहिलं होतंस:

'रोहिणीला हे सांगायचं नाही. तिला माफी मागता येत नाही म्हणून तिनं नाटक केलं. मी ते शेवटपर्यंत पाहिलं. मला माफी मिळाली. आता परत गेल्यावर ती सीमेवरची गोष्ट सगळ्यांना सांगत सुटणार. सांगू दे. एक दिवस ती मधेच थांबेल. त्या दिवशी तिला हे दाखवीन.'

ईरा रडत होती. मी गाडीच्या काचेतून बघत होते, फ्रान्सकडे. तुझ्या गॅलरीत तुझा पंचा अजून वाळत टाकलेला होता.

सहा वर्षं, मादाम. सहा वर्षं तू वाट्या भरत उभी राहिलीस आणि मी थांबायची वाट पाहिलीस. आणि मी थांबले, तुझ्याशिवाय भरलेल्या हॉलमध्ये, अकरा दिवस उशिरा. मंगळवारी दुपारी जरी थांबले असते, त्या नर्ससमोर, पर्स उघडायच्या आधी, तरी तू डोळे उघडले असतेस. शेवट सांगितला असतास. तुला तो मला स्वतः दाखवायचा होता. माझ्याकडे बघत. माझा चेहरा कसा पडतो ते बघायला तुला किती आवडलं असतं! अठ्ठावीस वर्षं हिरव्या पेनानं वाट पाहणारी बाई तू, मी थांबेपर्यंत तेवढी पुरली नाहीस.

मी ईराला विचारलं, फ्रेंचमध्ये 'मी हसले, मला माफ कर' कसं म्हणतात. तिनं सांगितलं. मी तिला तीन वेळा म्हणायला लावलं आणि फोन ठेवला.

आज सकाळी ऑफिसला जाताना सवयीनं फ्रान्स क्लस्टरपाशी गाडी थांबवली. दोन मिनिटं. मागचा हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा निघाले. हायवेला लागल्यावर तुझ्या रिकाम्या सीटकडे न बघता मी म्हटलं, "जे री. पार्दोन-म्वा."

अगदी धारवाडी. मला स्वतःला कळलं.

मी थांबले. कोणी वहीतून मान वर न करता 'परत म्हण' असं म्हणालं नाही.

म्हणून मीच परत म्हटलं. आणि परत. तुझी शाळा येईपर्यंत, आणि ती मागे पडल्यावरही.